चालताना बोला, बसल्यावर गप्प राहा: अस्वलाच्या जंगलात पायी फिरण्याची तयारी

भारतात अस्वलाच्या चार जाती आढळतात. त्यांपैकी हिमालयातील तपकिरी आणि काळे अस्वल व ईशान्येकडील सूर्य अस्वल बाजूला ठेवले, तर महाराष्ट्राच्या जंगलात पायी फिरणाऱ्याची गाठ एकाच जातीशी पडते, ती म्हणजे इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात ते अस्वल. काळे, लांब, विस्कटलेले केस, पांढुरके तोंड, छातीवर फिकट रंगाची ‘व्ही’ किंवा ‘वाय’ अक्षरासारखी खूण आणि पुढच्या पायांना हस्तिदंती रंगाची लांब नखे असे त्याचे रूप असते. दरवेशी गावोगाव ज्याला नाकात वेसण घालून नाचवीत असत, तेच हे अस्वल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे, त्यामुळे तो खेळ आता बंद झाला आहे. परंतु त्या खेळामुळे अस्वल म्हणजे गमतीशीर, सुस्त प्राणी असा जो समज मनात बसला, तो मात्र अनेकांच्या डोक्यातून गेलेला नाही. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला विचारले, तर तो वाघापेक्षा अस्वलाला अधिक भितो, आणि त्याची कारणे पुढे येतीलच.

सफारीच्या जिप्सीतून अस्वल दिसणे हा बव्हंशी योगायोगाचा भाग असतो. हा लेख त्या नवख्यांसाठी आहे, ज्यांना एकच जंगल वर्षभरात चार-पाच खेपा करून पायी पाहायचे आहे आणि त्यातून अस्वलाची ओळख करून घ्यायची आहे.

जंगल निवडणे आणि परवानगी

पहिल्या वर्षी एकच जंगल धरावे. विदर्भात मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा आणि बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य या सर्व ठिकाणी अस्वले आहेत. ज्ञानगंगा तर अस्वलांसाठीच ओळखले जाते. माझा कल मेळघाटाकडे आहे. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्यांनी कापलेला हा डोंगराळ, सागाचा मुलूख देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. वाघासाठी येणाऱ्यांची येथे ताडोबाइतकी रीघ नसते, आणि चिखलदऱ्याच्या पठारापासून सिपनेच्या काठापर्यंत उंचीत एवढा फरक पडतो की एकाच आठवड्यात दोन वेगळे ऋतू पाहिल्यासारखे वाटते.

अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात मनात आले आणि चालू लागलो, असे करता येत नाही. कायद्यानुसार आत जाण्यास परवाना लागतो, आणि गाभा क्षेत्रात पर्यटकांना सहसा वाहनातून खाली उतरण्यासही मनाई असते. पायी फिरण्यासाठी बफर, म्हणजे गाभ्याभोवतीच्या क्षेत्रातील आणि लगतच्या प्रादेशिक वनांतील वाटांचा विचार करावा. कोणत्या वाटा या हंगामात खुल्या आहेत, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे, कारण वणवा, वाघिणीची पिल्ले किंवा गावकऱ्यांवर झालेला एखादा हल्ला यांमुळे एखादी वाट अचानक बंद केलेली असू शकते. परवाना हातात आला तरी स्थानिक मार्गदर्शकाशिवाय पाऊल टाकू नये. मेळघाटात हे मार्गदर्शक बहुधा कोरकू आदिवासी असतात, आणि माझ्या अनुभवात पुस्तकांनी जे शिकवले त्याच्या कितीतरी पट त्यांनी शिकवले आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात सातपुडा व्याघ्र प्रकल्पात मार्गदर्शकासह पायी फिरण्याची सोय आहे. महाराष्ट्रात एक वर्ष घालवल्यावर तिकडे जाणे अधिक फलदायी ठरते.

ज्यांनी अस्वल कधीच पाहिलेले नाही त्यांनी हंपीजवळच्या दरोजी अभयारण्यात एक दुपार घालवायला हरकत नाही. खास अस्वलांसाठी १९९४ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्यात खडकांवर खाद्य ठेवले जाते आणि समोरच्या मनोऱ्यावरून अस्वले उतरताना दिसतात. खाऊ घालून दाखवलेले अस्वल मला मनापासून आवडत नाही, पण त्याची झुलती चाल एकदा नीट पाहिली, की पुढे शंभर मीटरवरची काळी आकृती अस्वल आहे की रानडुक्कर, हा प्रश्न पडत नाही.

आधी आहार, मग नकाशा

अस्वल शोधायचे तर नकाशाआधी झाडांचे वेळापत्रक पाठ करावे लागते. हे अस्वल मांस क्वचितच खाते. वाळवी, मुंग्या, मध आणि फळे यांवर त्याची गुजराण चालते, आणि त्याचे तोंड त्यासाठीच घडलेले आहे. वरच्या जबड्यातील मधले दोन दात त्याला नसतात, टाळू खोलगट असते, ओठ लांब आणि सैल असतात, आणि नाकपुड्या त्याला मिटून घेता येतात. वारूळ नखांनी फोडायचे, जोरात फुंकर मारून माती उडवायची, आणि मग ओठांची नळी करून वाळवी ओढून घ्यायची, अशी त्याची पद्धत आहे. या ओढण्याचा आवाज शांत जंगलात शंभर मीटरांवरूनही ऐकू येतो. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मला वाटले की कोणीतरी बिघडलेल्या हातपंपाचा दांडा मारत आहे. फूऽऽ असा एक लांब उच्छ्वास, आणि त्यामागून घाईघाईने ओढलेल्या सात-आठ घुटक्यांसारखी आवाजांची माळ.

फळांचे चक्र साधारण असे चालते. हिवाळ्यात रानबोरे पिकतात. त्याच सुमारास, डिसेंबर-जानेवारीत, मादी खडकाच्या कपारीत किंवा खणलेल्या बिळात बहुधा एक किंवा दोन पिल्लांना जन्म देते. मार्चमध्ये मोह फुलतो आणि पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. बहाव्याच्या काळ्या शेंगाही याच दिवसांत झाडावरून गळतात. एप्रिलपासून टेंभुर्णी, ज्यांना विदर्भात टेंभरं म्हणतात ती फळे पिकू लागतात, उंबरे लगडतात, आणि पावसाच्या तोंडावर जांभळे येतात. पावसाळ्यात माती मऊ झाली की वारुळे फोडणे सोपे होते, मात्र तेव्हा पर्यटनाची बहुतेक दारे बंद असतात आणि गवतही छातीएवढे वाढलेले असते, त्यामुळे नवख्याने जुलै ते सप्टेंबर जंगलाबाहेरच राहावे.

या चक्राची दुसरी बाजू अशी की मोहफुले आणि तेंदूपत्ता माणसालाही हवा असतो. मोह वेचणारी बाई आणि मोह खाणारे अस्वल पहाटेच्या एकाच घटकेला एकाच झाडाखाली पोहोचतात. दोघांचीही मान खाली असते. अस्वलाच्या हल्ल्यांच्या कहाण्यांपैकी बऱ्याचशा येथेच घडतात, म्हणून मार्च ते मे या काळात सूर्य चांगला वर येईपर्यंत मोहाच्या झाडांकडे वाट वळवू नये.

सामान थोडे, पण नेमके

पायांत घोट्याच्या वर येणारे बूट आणि अंगात मातकट किंवा हिरवट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. गोचिडी टाळण्यासाठी विजारीचे टोक मोज्यांत खोचावे. अत्तर, सुगंधी तेल, वासाचे मलम घरी ठेवावे, कारण अस्वलाची नजर आणि कान बेताचे असले तरी नाक फार तिखट असते. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी पुरते; त्याहून मोठी दुर्बीण चालून दमलेल्या हातात थरथरते. उन्हाळ्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून माणशी किमान चार लिटर पाणी आणि मीठ-साखरेची पुडी हवीच. मेळघाटाच्या वाटेवर परतवाड्यानंतर मोठी बाजारपेठ नाही आणि मोबाइलला रेंज मिळेल याची खात्री नाही, तेव्हा औषधे, विजेरीचे सेल आणि रोख पैसे तेथेच घ्यावेत. पाठीवरची पिशवी रिकामी वाटली तरी ती घेऊनच चालावे. तिचा उपयोग पुढे सांगितला आहे.

एक वस्तू मात्र आवर्जून घ्यावी, ती म्हणजे घुंगुरकाठी. पूर्वी टपालाचे हरकारे रानातून धावताना जनावरांना सावध करण्यासाठी घुंगरू लावलेली काठी बाळगत. साध्या बांबूच्या काठीला चार-पाच पितळी घुंगरू बांधले तरी काम भागते.

चालणे आणि बसणे वेगवेगळे ठेवा

नवख्यांची सर्वांत घातक चूक म्हणजे अस्वल दिसावे म्हणून दबक्या पावलांनी चालणे. हरणे आणि पक्षी पाहणाऱ्याला जी सवय लावली जाते, ती येथे उलटते. वारुळात डोके खुपसलेल्या अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही, आणि ती लागते तेव्हा तुम्ही दहा-पंधरा पावलांवर असता. वाघाच्या सहवासात उत्क्रांत झालेला, झाडावर चढून स्वतःचा बचाव करण्याऐवजी तोंड देण्याची सवय असलेला हा प्राणी अशा वेळी पळण्याऐवजी अंगावर येतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका एप्रिलच्या सकाळी मेळघाटात सेमाडोहच्या बाजूला एका कोरड्या नाल्यातून आम्ही वर चाललो होतो. सोबतचा वनमजूर वारंवार खोकत होता आणि मी दर वेळी मागे वळून ओठांवर बोट ठेवीत होतो. तिसऱ्या वळणावर करवंदीच्या जाळीआड काळे केस हलले. मी दुर्बीण उचलेपर्यंत वनमजुराने माझ्या शर्टाची कॉलर धरून मला मागे ओढले होते. अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले, दोन वेळा जोराने फुरफुरले आणि दरड चढून निघून गेले. मागे फिरून उघड्यावर आल्यानंतर तो एवढेच म्हणाला, “साहेब, नाल्यात खोकला आला तं दाबू नोका, अजून दोनदा खोका.”

तेव्हापासून मी एक नियम पाळतो: चालताना आवाज, बसल्यावर शांतता. चालणे हे एका जागेवरून दुसऱ्या जागी पोहोचण्यासाठी आणि खुणा वाचण्यासाठी असते. अस्वल पाहणे हे ठरवलेल्या जागी बसून करायचे काम आहे. दोन्ही एकत्र करू नयेत.

चालताना तिघे ते पाच जण असावेत आणि साध्या बोलण्याच्या आवाजात गप्पा चालू ठेवाव्यात. रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची दाट जाळी, बांबूची बेटे, नाल्याचे वळण आणि वाहत्या पाण्याचा आवाज जेथे आपला आवाज गिळतो अशा जागा आल्या, की काठी दगडावर आपटावी आणि मोठ्याने बोलावे. खडकाच्या कपारींपासून बाराही महिने दूर राहावे, आणि डिसेंबर ते मार्च या काळात तर तेथे डोकावण्याचा विचारही करू नये, कारण आत पिल्ले घेऊन मादी बसलेली असू शकते. सूर्योदयानंतर तासाभराने निघावे आणि मावळतीच्या तासभर आधी मुक्कामी पोहोचावे. कुत्रा सोबत घेऊ नये. अस्वलाने पिटाळलेला कुत्रा धावत मालकाकडेच येतो.

खुणा वाचणे

पहिल्या दोन खेपांत अस्वल दिसले नाही तरी निराश होऊ नये, कारण खुणा रोज भेटतात. मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो, पण पाचही बोटे जवळजवळ एका सरळ रेषेत असतात आणि पुढच्या पायाच्या ठशात नखांची टोके बोटांच्या बरीच पुढे मातीत टोचलेली असतात. वाघ-बिबट्या चालताना नखे आत घेतात, त्यामुळे येथे घोटाळा होत नाही.

उकरलेल्या जागेबाबत मात्र घोटाळा होतो. रानडुक्कर जमीन नांगरल्यासारखी विस्तृत उलथते. साळिंदर मुळांसाठी खोडाच्या बुंध्याशी खणते. खवले मांजराचे भोक वारुळात लहान आणि गोलसर असते. अस्वल वारुळाला वरून किंवा बाजूने खोल, निमुळता खड्डा पाडते, आणि त्याच्या आतल्या भिंतीवर नखांच्या समांतर खाचा स्पष्ट दिसतात. खड्ड्याजवळ गुडघ्यावर बसून पाहावे: माती ओलसर व गडद असेल, वाळवीचे सैनिक अजून कडेवर धावत असतील आणि तुटलेले दालन त्यांनी लिंपायला घेतले नसेल, तर खणणारा फार लांब गेलेला नाही, आणि तुम्ही तेथे बसून राहण्यात अर्थ नाही. उठावे, मोठ्याने बोलत आल्या वाटेने परत जावे. कडा सुकून फिकट झालेल्या असतील आणि कोळ्याने जाळे विणलेले असेल, तर निवांत मोजमाप करता येते.

विष्ठा हे अस्वलाचे जेवणाचे ताटच समजावे. टेंभराच्या दिवसांत ती चपट्या, तपकिरी बियांनी भरलेली असते, बोरांच्या दिवसांत आठोळ्यांनी, बहाव्याच्या दिवसांत चकचकीत चपट्या बियांनी. आणि नुसत्या मुंग्या-वाळवीवर असताना त्यात हजारो बारीक डोकी चमकतात. काडीने पसरून पाहावे, हाताने कधीही नाही. मधाच्या पोळ्यांसाठी अस्वल उंच झाडांवर चढते, तेव्हा अर्जुनासारख्या गुळगुळीत, पांढुरक्या सालीच्या खोडावर त्याच्या नखांचे ओरखडे वर्षानुवर्षे टिकतात.

बसणे

तिसऱ्या खेपेपर्यंत तुमच्या वहीत दोन-तीन जागा तयार झालेल्या असतात: एखादा आटत चाललेला पाणवठा, समोरच्या उतारावर दिसणारी उंबराची रांग, किंवा दरीपलीकडचा वारुळांचा माळ. बसण्यासाठी वनविभागाची मचाण किंवा मनोरा असेल तर उत्तम. नसेल तर मार्गदर्शकाच्या पसंतीची, पाठीशी मोठा खडक असलेली आणि समोर किमान शंभर मीटर उघडे असलेली उंच जागा घ्यावी. मूठभर कोरडी माती सोडून वाऱ्याची दिशा पाहावी. वारा तुमच्याकडून पाणवठ्याकडे जात असेल तर त्या दिवशी तेथे बसू नये. एकदा बसल्यावर कुजबुजही नको, बिस्किटाच्या कागदाची चुरचुर नको आणि मोबाइलचा उजेड नको.

वैशाखात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग अनेक ठिकाणी मचाणीवर बसण्याचा निसर्गानुभव कार्यक्रम ठेवतो. नवख्यासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही, कारण संध्याकाळपासून सकाळपर्यंत मचाणीवरून उतरण्यास मनाई असते आणि त्यामुळे चुळबुळ्या माणसालाही बसावेच लागते.

एरवी अस्वले बहुधा संध्याकाळनंतर आणि रात्री फिरतात, पण पिल्ले असलेली मादी दिवसाउजेडीही बाहेर पडते. अशीच एक मादी मी मे महिन्यात दुपारी पाचच्या सुमारास पाणवठ्यावर उतरताना पाहिली. आधी वाटले तिच्या पाठीचे केस वाऱ्याने उभे राहिले आहेत. दुर्बिणीतून पाहिल्यावर त्या केसांत रुतलेली दोन डोकी दिसली. पिल्ले सहा-सात महिन्यांची होईपर्यंत अशी आईच्या पाठीवरून फिरतात. ती पाण्याशी वाकली तसे पुढचे पिल्लू तिच्या मानेवरून घसरत पार कानापर्यंत आले आणि पाण्यात पडण्याआधी त्याने तिचा कान दातांत धरला. तिने नुसती मान झटकली आणि पाणी पीत राहिली. ती गेल्यावरही आम्ही वीस मिनिटे जागचे हललो नाही, आणि हेच बरोबर होते, कारण ती कोणत्या झाडीत थांबली आहे ते आम्हाला ठाऊक नव्हते.

समोरासमोर आल्यास

परदेशी संकेतस्थळांवरील सल्ले येथे लागू करू नयेत. अमेरिकेतील काळ्या अस्वलाने हल्ला केल्यास उलट प्रतिकार करा, असे तेथे सांगितले जाते. आपल्या अस्वलाच्या बाबतीत तो सल्ला जिवावर बेतू शकतो.

अस्वल दूर असेल आणि त्याने पाहिलेले नसेल, तर थांबून, ते कोठे जाते आहे ते पाहून आल्या वाटेने मागे सरावे. त्याने पाहिले असेल तर हळू आवाजात बोलत, त्याच्याकडे तोंड ठेवून, पाऊल-पाऊल मागे जावे आणि त्याला निघून जायला जागा मोकळी करून द्यावी. ते उभे राहिले म्हणजे हल्ला केलाच असे नाही. बऱ्याचदा ते वास घेत असते. पळू नये, कारण ते माणसापेक्षा वेगाने धावते. झाडावर चढू नये, कारण तेही चढते. दगड मारू नये, आणि पिल्लू एकटे दिसले तर आई व पिल्लू यांच्यामध्ये आपण येत नाही ना, हे सर्वांत आधी पाहावे.

ते अंगावर आलेच, तर पालथे पडावे, गुडघे पोटाशी घ्यावेत, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावीत आणि कोपरांनी चेहरा झाकावा. या अस्वलाचा रोख डोके व चेहरा यांवर असतो, म्हणून तोंड जमिनीकडेच ठेवावे. पाठीवरची पिशवी येथे ढालीचे काम करते. ओरडणे आणि झटापट टाळावी. हल्ला बहुधा काही क्षणांत संपतो, पण अस्वल खरोखर लांब गेल्याची खात्री झाल्याशिवाय उठू नये. सोबत्यांनी एकत्र राहून मोठा आवाज करावा. जखम लहान दिसली तरी ती स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, रेबीज व धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे आणि वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

नोंदवही

प्रत्येक खुणेसाठी तारीख, वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, जवळचे फळलेले झाड आणि खूण ताजी की जुनी एवढे लिहावे. ठशाचे छायाचित्र शेजारी पेन ठेवून काढावे, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. अंदाज आणि प्रत्यक्ष पाहिलेले यांसाठी वहीत वेगळे रकाने ठेवावेत, कारण सहा महिन्यांनी आपल्यालाच ते वेगळे काढता येत नाहीत. पिल्लांची किंवा कपारीची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. परतताना वहीच्या पानांची एक प्रत त्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाकडे द्यावी. पुढच्या खेपेला तो तुम्हाला कोणत्या नाल्यात जाऊ नका, हे आपणहून सांगू लागतो.